मौजे बोरगुडीच्या ‘सोय’ रकान्यातून नागुबाईचे नाव कमी करणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
मुक्काम लातूर, जिल्हा लातूर (नवीन).

अर्जदार: नागुबाई भ्र. नरसिंग मेत्रे, वय अंदाजे ५४ वर्षे, धंदा मजुरी व मरीआईची पूजा, रा. मौजे बोरगुडी, ता. निलंगा.

विषय: मौजे बोरगुडी येथे ‘आजाऱ्यांची सोय’ म्हणून अर्जदाराचे नाव लागले आहे, ते कमी करून त्या जागी परिचारिका नेमणेबाबत.

संदर्भ: १) सन १९८४ मध्ये झालेली गावोगावच्या सोयींची पाहणी.
२) अर्जदाराने तालुक्याच्या गावी समक्ष जाऊन केलेली चौकशी.

महोदय,

१. अर्जदार यांना अक्षरओळख नाही. सदर अर्ज त्यांनी तोंडी सांगितला व गावच्या प्राथमिक शाळेतील सहशिक्षक श्री. शेषेराव भालेराव यांनी तो लिहून दोन वेळा वाचून दाखवला. श्री. भालेराव हे बौद्ध असून मरीआईच्या ठाण्यावर त्यांचे जाणे-येणे नाही, ही गोष्ट अर्जात यावी असा अर्जदाराचा आग्रह आहे. अर्ज लिहून मागायला त्या शाळेत आल्या तेव्हा मास्तरांनी विचारले, की ठाण्यावर येणाऱ्यांतही दोघे-तिघे शिकलेले आहेत, त्यांना सोडून माझ्याकडे कशा आलात? त्यावर अर्जदार म्हणाल्या, “मास्तर, तुमी देवीला मानत न्हाईत, म्हणूनच आले. मानणारा मला ह्ये लिवू देणार न्हाई.”

२. मौजे बोरगुडी हे गाव तेरणा नदीच्या काठी, कर्नाटकाच्या शिवेला लागून आहे. पूर्वी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, त्या दिवशी चावडीपुढे गूळ वाटला गेला आणि आता आपल्याकडे दवाखाना येणार असे जो तो बोलू लागला. अद्याप आलेला नाही. दवाखाना निलंग्यास, म्हणजे बावीस किलोमीटरवर आहे. त्यांपैकी फाट्यापर्यंतचे पाच किलोमीटर पायी जावे लागते. फाट्यावर सकाळी दहाला एक एस.टी. येते, आली तर. त्यामुळे लेकरू आजारी पडले की आई त्याला कडेवर घेऊन अर्जदाराकडे येते. सासूच्या माघारी तीस वर्षे ठाणे अर्जदाराकडे आहे. अंगारा लावायचा, भाकर-लिंबू ओवाळून टाकायचे, कपाळाला ओले फडके बांधायचे, देवीपुढे बसून नाव घेत राहायचे, एवढेच त्यांना येते. त्या हे मनापासून करीत आल्या, कोणाकडून काही मागून घेतले नाही. बरी होणारी लेकरे बरी होत आणि त्यांचे नारळ येत. जी जात, त्यांचे आईबाप पुन्हा ठाण्याकडे फिरकत नसत. त्यामुळे अर्जदाराच्या ध्यानात नारळच राहिले.

३. सन १९८४ च्या उन्हाळ्यात जीपमधून एक साहेब पाहणीला आले. त्यांचे नाव अर्जदारास ठाऊक नाही. पारावर बसून त्यांनी छापील कागद भरला. शाळा आहे का, विहिरी किती, रस्ता कसला, असे विचारत ते आजाऱ्यांच्या सोयीवर आले. तेव्हा पारावरचे शरणप्पा पाटील म्हणाले, “हाय की. आमची नागुबाई हाय.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी लिहून घेतले. अर्जदार त्या वेळी साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. सरकारच्या कागदावर आपले नाव गेले म्हणून त्यांचे ऊर भरून आले, हे त्या आज कबूल करतात. यात साहेबांचा दोष नाही. गावाने सांगितले ते त्यांनी लिहिले. अर्जदारांनी त्याच वेळी नको म्हणायला हवे होते, त्या म्हणाल्या नाहीत.

४. सन १९८५ चा पाऊस गेला. ८६ च्या वैशाखात गावच्या चारही विहिरी आटल्या व लोक तेरणेच्या वाळूत झिरे खोदून वाटी-वाटीने पाणी भरू लागले. त्याच झिऱ्यांवर जनावरेही येत. घरोघरी हगवण-वांती सुरू झाली. अशा दिवसांत अर्जदाराची मुलगी सिंधु, जी निलंग्यास दिलेली आहे, ती आपली साडेतीन वर्षांची मुलगी शिवगंगा हिला खांद्यावर टाकून भर दुपारी फाट्यावरून चालत आली. शिवगंगाला आदल्या रात्रीपासून हगवण होती. जावई व्यंकटी मोंढ्यात हमाली करतात. सरकारी दवाखाना त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून आहे. तो मागे ठेवून, लेकरू घेऊन सिंधु बावीस किलोमीटर उलटी आली. का, असे अर्जदारांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “आई, तुझ्या हाताला गुण हाय. सगळं गाव म्हणतंय. मग माझ्या लेकराला परक्या हाताखाली कशाला घालू?”

५. साहेब, पुढील मजकूर अर्जात कशासाठी, असे मास्तरांनी विचारले होते. अर्जदार म्हणाल्या, की नाव कमी करायचे तर का कमी करायचे ते साहेबांना कळले पाहिजे.

अर्जदारांनी अंगारा लावला, उतारा टाकला आणि लेकराचे पाणी बंद केले. पोटात पाणी गेले की हगवण वाढते, असे सासूने शिकवले होते व तेच त्या तीस वर्षे सांगत आल्या होत्या. शिवगंगा पाणी मागे. “आजे, पानी. आजे, वाईच पानी.” घरात अर्धी घागर पाणी होते. अर्जदारांनी ती घागर फडक्याने झाकून उतरंडीमागे ठेवली, लेकराला दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी श्री. भालेराव मास्तर दारात आले. त्यांच्या हातात जलसंजीवनीची पुडी होती, ती त्यांनी तालुक्याच्या शिबिरातून आणलेली होती. “मावशी, मीठ-साखरेचं पाणी पाजा, घोट-घोट पाजा, आणि उद्या पहिल्या गाडीनं न्या,” असे ते म्हणाले. अर्जदारांनी त्यांना आत येऊ दिले नाही. “तुमचं शिकवणं शाळंत,” असे त्या म्हणाल्या. मास्तर परत गेले. हे वाक्य लिहिताना मास्तरांनी लेखणी खाली ठेवली होती व आपण का परत गेलो, उंबऱ्यात का बसून राहिलो नाही, असे ते बोलू लागले. अर्जदारांनी त्यांना थांबवले. हा अर्ज त्यांचा नाही, असे त्या म्हणाल्या.

त्या दिवशी अर्जदार देवीपुढून उठल्या नाहीत. जेवढी नावे ठाऊक होती तेवढी घेतली. माझे डोळे घे, हात घे, असेही बोलून झाले. सायंकाळनंतर शिवगंगा पाणी मागेनाशी झाली, तेव्हा अर्जदारांना वाटले उतार पडला. सिंधुलाही तसेच वाटले व ती दोन दिवसांत पहिल्यांदा भिंतीला टेकून झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी, एस.टी. यायच्या आत, शिवगंगा गेली.

सिंधु रडली नाही. मातीहून परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, “आई, म्या दवाखाना मागं टाकून तुझ्याकडं आले व्हते.” मग ती जावयांबरोबर निघून गेली. त्यानंतर कित्येक महिने तिचा निरोप नाही, सांगावा नाही.

६. यानंतर लोक अर्जदाराकडे येणार नाहीत, असे अर्जदारांना वाटले होते. किंबहुना कोणीतरी येऊन तोंडावर बोलावे, अशी त्या वाट पाहत होत्या. झाले ते निराळेच. तेराव्यानंतर शरणप्पा पाटील पारावर म्हणाले, “देवीनं पुजारणीच्या घरातला जीव घेतला. आता ठाणं जागतं झालं. आता मागंल त्याला गुण यील.” ही गोष्ट बाजारच्या दिवशी चार गावांत गेली. पूर्वी आठवड्याला दोन लेकरे येत, ती आता दिवसाला दोन येऊ लागली. शिवेपलीकडून कानडी मुलखातूनही लोक येऊ लागले. अर्जदार सांगत, माझी नात माझ्या हातात गेली, मला काही येत नाही. लोक पाया पडत आणि म्हणत, नागुबाईला गर्व नाही.

आषाढात अर्जदारांनी ठाण्याला कुलूप लावले व किल्ली झिऱ्याच्या वाळूत पुरली. लोक कुलपाला हळद-कुंकू लावून जाऊ लागले.

७. श्रावणात शिवेपलीकडची गंगम्मा नावाची बाई आठ महिन्यांचे लेकरू घेऊन आली. तिला मराठी येत नव्हते. कुलूप पाहून तिने लेकरू उंबऱ्यावर ठेवले आणि सकाळपासून दुपार कलेपर्यंत उन्हात बसून राहिली. “बागलु तेगी, अव्वा,” एवढेच म्हणे. दार उघड, आई. अर्जदार रोजगार हमीच्या कामावरून खडी फोडून आल्या, तरी ती तिथेच. अर्जदारांनी लेकराच्या पोटाची चामडी चिमटीत धरली. सोडली, तरी ती तशीच उभी राहिली. डोळे खोल गेलेले. हे डोळे अर्जदारांच्या ओळखीचे होते.

त्यांनी मोडक्या-तोडक्या कानडीत निलंग्याला जा म्हणून सांगितले. हात जोडले. ओरडल्या. बाई हलेना. देवी सांगेल तर जाईन, असे ती म्हणाली.

तेव्हा अर्जदारांनी केस सोडले व अंगात आणले.

साहेब, देवी आली नव्हती. शिवगंगा गेल्यापासून ती अर्जदाराच्या अंगात एकदाही आलेली नाही. तीस वर्षे अंग कसे हलते ते ठाऊक होते, तसे अर्जदारांनी ते हलवले आणि देवीच्या आवाजात, त्याच मोडक्या कानडीत हुकूम केला, की मला निवद नको, नारळ नको. लेकराला आत्ता मीठ-साखरेचं पाणी पाज. थांबू नको, पाजत पाजत निलंग्याच्या दवाखान्यात ने. पाणी बंद करशील तर पुन्हा माझं तोंड बघू नको.

गंगम्मा ताडकन उठली. पुडी मास्तरांनी दिली. फाट्यावरून एका ट्रकवाल्याने तिला नेले. आठव्या दिवशी ती लेकरू हसवत परत आली आणि दाराशी नारळ फोडला. दवाखान्यात सलाईन लावले, सुई दिली, हे तिने सांगितले. पण नारळ देवीलाच.

८. तेव्हापासून अर्जदारांनी याच रीतीने अकरा लेकरे निलंग्यास धाडली आहेत. त्यांसाठी अकरा वेळा देवीच्या नावाने खोटे बोलल्या आहेत. काय बोलायचे ते त्यांनी मास्तरांकडून पाठ करून घेतले. पाणी किती, मीठ किती, चिमटीची खूण कशी बघायची, ताप मेंदूत जातो तेव्हा लेकरू कसे करते, हे सारे त्या आरतीसारखे घोकतात. दहा लेकरे वाचली. दगडोबाचा मुलगा वाटेत गेला. त्याला नेले तेव्हा दहाची एस.टी. आली नाही, आणि दगडोबा व त्याची बायको फाट्यावर दुपारी दोनपर्यंत बसून होते. देवी गाडी आणू शकत नाही.

आता लोक प्रत्येक गोष्ट देवीला विचारू लागले आहेत. सुई उजव्या दंडाला घ्यावी की डाव्या? तांबडी गोळी आधी की पांढरी? मागच्या महिन्यात लस टोचणारे पथक आले, तर बाया म्हणाल्या, आधी नागुबाईच्या अंगात येऊ द्या. पथकाच्या बाई ठाण्यापुढे थर्मासची पेटी घेऊन बसल्या आणि अर्जदारांना सरकारी लसीसाठी देवी आणावी लागली. अर्जदार दिवसभर खडी फोडतात आणि परत येऊन घुमतात. त्यांची मान धरली आहे. निलंग्यास दाखवली, तर डॉक्टर विचारू लागले, डोक्यावर काय वाहता?

त्यांना झोप नाही. दारात पावले वाजली की त्या उठून बसतात, कधी नुसतीच शेळी असते. कोणत्या वेळी कोणते लेकरू येईल, आपण ताप म्हणू आणि ते दुसरेच काही निघेल, असे भय सतत असते. एका अण्णाराव नावाच्या गृहस्थाने तर तोंडावर विचारले, “पयले देवी पानी बंद कर म्हणायची, आता पाज म्हणती. खरं कोणचं?” त्याचे लेकरू नीट झाले, पण त्याचा प्रश्न रास्त आहे. पहिलेही अर्जदारच म्हणत होत्या आणि दुसरेही अर्जदारच म्हणत आहेत. अर्जदार डॉक्टर नाहीत. दुसऱ्यांदाही चुकल्या तर?

९. म्हणून त्या तालुक्याच्या गावी गेल्या व एका कचेरीत विचारले, की आमच्या गावाला नर्सबाई कधी? तेथील कारकुनाने बिचाऱ्याने दोन कपाटे शोधली. काही कागद जुन्या जिल्ह्यातून यायचे आहेत, काही नव्या जिल्ह्यात गेले आहेत, असे त्याने सांगितले. शेवटी पाहणीची नक्कल निघाली. बोरगुडी. आजाऱ्यांची सोय: आहे. अर्जदारांनी विचारले, कोण म्हणून लिहिलंय? त्याने वाचले, “नागुबाई, मरीआईचे ठाणे.” मग तो वर बघून म्हणाला, “ज्या गावांत काहीच सोय नाही, त्यांचा नंबर आधी लागेल, बाई. तुमच्या गावाला निदान आहे तरी.” तुम्ही कोण, असे त्याने विचारले. अर्जदारांनी नाव सांगितले नाही. त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या.

१०. सबब अर्जदारांची विनंती येणेप्रमाणे. सदर रकान्यातून त्यांचे नाव खोडावे व तेथे ‘नाही’ असे लिहावे. बोरगुडीस परिचारिका द्यावी. तिला राहायला जागा नाही ही अडचण येऊ नये म्हणून अर्जदार ठाण्याची दगडी खोली देण्यास तयार आहेत. गावात पत्रे शाबूत असलेली तीच एक खोली आहे. देवीला लिंबाखाली ठेवता येईल. देवी उन्हातान्हात राहिलेली आहे, नर्सबाईला सवय नसणार. शरणप्पा पाटील याला कबूल नव्हते. पुतणीचे लेकरू दवाखान्यातून आल्यावर कबूल झाले. परिचारिका येईपर्यंत जलसंजीवनीच्या पुड्या शाळेत ठेवाव्यात, म्हणजे त्यासाठी देवीला कष्ट पडणार नाहीत. तसेच देवीच्या नावाने खोटे हुकूम करणे हा कायद्याने गुन्हा असल्यास त्याची शिक्षा अर्जदारांना मंजूर आहे. मात्र ती परिचारिका हजर झाल्यानंतर द्यावी, मध्ये खंड पडू नये.

११. शेवटची गोष्ट मास्तर नको म्हणत होते, परंतु अर्जदारांनी ती घालायला लावली. मागील महिन्यात सिंधु निलंग्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. निरोप जावयांनी धाडला. अर्जदार गेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा अंगाऱ्याची पुडी पदराला न बांधता त्या बाळंतिणीकडे गेल्या व खाटेपासून लांब, दाराशी उभ्या राहिल्या. सिंधुने बघितले, मान फिरवली, पुन्हा बघितले. मग ती म्हणाली, “ये. घे तिला. पर काई म्हणू नको, आई. नुसती घे.”

अर्जदारांनी लेकरू मांडीवर घेतले. त्यांनी काही म्हटले नाही. पण ओठ हलले. सिंधुने ते पाहिले, पण लेकरू परत मागितले नाही. ही गोष्ट लपवून ठेवली तर अर्ज खोटा होईल, म्हणून लिहिली. लेकरासाठी नाव घेणे अर्जदारांना सुटायचे नाही, आणि ते सोडवावे अशी सरकारला विनंतीही नाही. नाव अर्जदार घेतील. पाणी, सुई आणि औषध मात्र ज्याला कळते त्याच्या हातात असावे.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,

नागुबाई भ्र. नरसिंग मेत्रे
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)
मौजे बोरगुडी, दि. ११ मार्च १९८७.

लिहिणार: शेषेराव भालेराव, सहशिक्षक. मजकूर अर्जदाराच्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. पाचव्या परिच्छेदातील मास्तर मीच.

सोबत:
१) दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दहा.
२) गावातील बायांच्या सह्या व अंगठे, एकूण बत्तीस. पैकी तुळजाबाई भ्र. दगडोबा हिने जिचे लेकरू गेले तिचा अंगठा चालतो का, असे विचारून मग दिला. शेवटची सही सिंधु भ्र. व्यंकटी हिची आहे. ती बोरगुडीची रहिवासी नाही. अर्ज वाचून तिने सही स्वतः मागून केली आहे, ती ग्राह्य धरावी.